मुक्या ‘के’चं पान

परभणीच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात माझ्या फाइलवर गुडघ्याचं इंग्रजी नाव लिहिलं आणि फाइल माझ्या हातात दिली. कपाळावरचा चष्मा खाली ओढून मी आधी ‘के’ आहे का ते पाहिलं. होता. जागच्या जागी, शब्दाच्या तोंडाशी, एक अक्षर न बोलता उभा. मला हसू आलं. डॉक्टर माझ्या लेकाच्या वयाचे. त्यांना वाटलं, बाईला दुखणं डोक्यात चढलं. “आजी, हसताय काय? दुखतंय ना?” दुखतंय तर. जिना उतरताना देव आठवतो. पण हा शब्द पहिल्यांदा शिकले तेव्हा हे गुडघे चौदा वर्षांचे होते आणि तो माझ्याबरोबर शिकणारी माझी वहिनी एकोणीस वर्षांची होती. ते दिवस लिहून ठेवावेत असं फार दिवसांपासून मनात होतं. गुडघ्याने निमित्त दिलं.

वहिनी आमच्याकडे चारठाण्याहून आली. चारठाणा म्हणजे जुन्या देवळांचं गाव, आणि आमचं पालम जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एसटी बदलत बदलत जायचं तर दिवस मोडायचा. त्यामुळे ती माहेरी फारशी जायचीच नाही. नाव महानंदा. रंगाने सावळी, हाताने चलाख आणि बोलायला इतकी कमी, की माझी माय पहिल्या महिन्यात शेजारणीला म्हणाली होती, “सून गरीब हाय का मुकी हाय, तेच कळंना.” एक दिवस तिच्या पेटीतल्या साड्या उन्हाला घालताना तळाशी मला एक गुणपत्रिका सापडली. मॅट्रिकची. सगळ्या विषयांत पास, आणि इंग्रजीत एकोणतीस. मी ती वाचत असताना वहिनी मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हिसकावून घेईल. तिने फक्त दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “वन्सं, सहा मार्कानं ऱ्हायले मी. सहाच.” सहा हा आकडा तिने असा उच्चारला, की मी गुणपत्रिकेची घडी केली आणि होती तिथे परत ठेवली.

आमचं घर म्हणजे पुढे आप्पांचं किराणा दुकान आणि मागे आम्ही. मधल्या दाराला गोणपाट शिवून केलेला पडदा. आप्पा म्हणजे माझे वडील. पहाटे आंघोळ करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ते पूजेला बसायचे. ती झाली, की तराजूच्या साखळ्या खुळखुळायच्या, आणि मग दिवसभर तोच आवाज. आतून वहिनीच्या भाकरी थापण्याचा आवाज त्याला जोड द्यायचा. येसराच्या आमटीला फोडणी बसली, की पडद्यापलीकडचं गिऱ्हाईक शिंकायचं आणि आप्पा म्हणायचे, “मसाला आपलाच हाय, देऊ का पावशेर?” आप्पांना धंदा शिकवावा लागला नाही. सुनेशी मात्र ते सरळ कधी बोलले नाहीत. चहा हवा असला तरी पडद्याकडे बघून, “कुणी हाय का आत?” असं विचारायचे. आत वहिनीच असायची, हे त्यांनाही माहीत होतं.

पुड्या बांधायला आप्पा रद्दी घ्यायचे. त्या वर्षी रद्दीच्या गठ्ठ्यातून एक शब्दकोश आला. इंग्रजी शब्द, पुढे मराठी अर्थ. पुठ्ठा नव्हता, पाठ मोडलेली, पुढचे-मागचे सगळे भाग कुठल्यातरी दुकानात जिऱ्या-मोहरीला लागलेले. उरले होते फक्त ‘जे’, ‘के’ आणि ‘एल’. तेही ‘एल’ शेवटी फाटलेला. वहिनीने तो चाळला आणि छातीशी धरला. लग्नातल्या पाटल्या मिळाल्या तेव्हाही मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता.

झालं. घरात चोरून इंग्रजी सुरू झालं, पण तीनच अक्षरांचं. आम्हाला पाल इंग्रजीत म्हणता यायची, मसुराची डाळ म्हणता यायची, वेडा म्हणता यायचा, विलाप करणेसुद्धा म्हणता यायचं. पण तहान लागली तर इंग्रजीत पाणी मागायची सोय नव्हती. दादाला, म्हणजे माझ्या भावाला, आम्ही दोघी मिळून ‘जॅकल’ म्हणायचो. त्याला वाटायचं, मोठी काहीतरी पदवी असावी. खरं कळलं तेव्हा तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही आणि वहिनीवर मात्र एका शब्दाने रागावला नाही. नवरेपणाचं असंच असतं.

आणि ‘के’मध्येच ते पान होतं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, आणि त्यावरच्या प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला ‘के’ला चिकटून ‘एन’. आम्ही आपलं जसं दिसतं तसं म्हणायचो. क्नी म्हणजे गुडघा. क्नाइफ म्हणजे सुरी. क्नॉट म्हणजे गाठ. वहिनी पीठ मळताना ‘क्नीड, क्नीड’ करायची आणि मी दाराची कडी वाजवून ‘क्नॉक’. एकदा शाळेत मी मोठ्या ऐटीने ‘आय डोन्ट क्नो’ म्हटलं, तेव्हा आमचे इंग्रजीचे सर पोट धरून हसले. सरांची मराठी आणि दखनी एकातच शिजलेली. ते म्हणाले, “अगं, वो के गूंगा है! लिखना है, बोलना नहीं.” मी घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

“मंग लिवायचा कशाला त्याला?”

“न्हाई लिवला, तर मार्क जातेत म्हणं. अर्थच बदलतो.”

ती एकाएकी हसली. “म्हंजी माज्यावानी हाय की गं तुजा के. घरात पाहिजे, पर बोलायचं न्हाई.” मी हसले, कारण ती हसली. पुढे माझंही लग्न झालं, मी सासरी गेले, तेव्हा त्या वाक्यावर एकदा एकटीच रडले.

त्या दिवसापासून ते पान तिचं लाडकं झालं. ती म्हणायची, “सगळी बाईच्या कामाची बोली हाय बग हितं. मळायचं, इणायचं, गाठ मारायची, गुडघं टेकायचं, चिरायचं. आन जाणायचं पन.” जाणणे हा शब्द त्याच पानाच्या मागच्या बाजूला होता. सरांना मी हळूच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, की असल्या मुक्या अक्षरांच्या शब्दांवर हमखास प्रश्न येतो, आणि त्यांनी आणखी चाळीसेक शब्द अर्थासहित सांगितले. ते सगळे वहिनीने त्याच पानाच्या चारी समासांत बारीक पेन्सिलीने लिहिले. छापील मजकुराभोवती मुंग्यांची रांग लागावी तसे. दुसरा कागद का घेतला नाही, असं मला आज कुणी विचारेल. शब्दकोश रद्दीचा, म्हणून तो रद्दीत लपवता येत होता. वही सापडली असती.

लपवायचं कारण सांगते. दादाने आप्पांना न सांगता वहिनीचा ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज भरला होता. गावात बालवाडी निघणार होती आणि तिला मॅट्रिक पास बाई हवी होती. वहिनीला ते काम पाहिजे होतं. इतकं पाहिजे होतं, की माझ्या मायच्या मांडीवरचं शेजारणीचं शेंबडं पोरसुद्धा ती उचलून घ्यायची आणि त्याला एक-दोन शिकवायची. पण आप्पांचं मत गावाला ठाऊक होतं. चुलतभावाची सून शिवणकामाच्या वर्गाला जायला लागली, तेव्हा ते म्हणाले होते, “घरची बाई शिकाया निघाली, की चूल इचारती, माजं कसं?” वाईट माणूस नव्हते ते. त्यांना दुसरं काही कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून ठरलं, की परीक्षेच्या चार दिवस आधी माय त्यांच्या कानावर घालेल, आणि तोवर शब्दकोश रद्दीच्या ढिगात तळाशी राहील.

चूक माझी झाली. बाजाराचा दिवस होता. सकाळी मी ‘एल’ची उजळणी करत बसले होते, शाळेची घंटा झाली आणि मी शब्दकोश तळाशी सारायच्या ऐवजी ढिगावर टाकून पळाले. दुपारच्या सुटीत आले तर वहिनी पडद्याआड भिंतीला टेकून उभी. तिने बाहेर बोट केलं. शब्दकोश आप्पांच्या मांडीशी उघडा पडला होता, आणि ‘के’ची चार पानं नव्हती.

आप्पा जेवायला आत आल्यावर आम्ही पाहिलं. तीन पानं कापून ठेवली होती, अजून कशात गेली नव्हती. चौथं, तेच, गेलं होतं. वहिनी पदराचं टोक दातात धरून बसली. मी म्हणाले, “वहिनी, मार मला.” ती म्हणाली, “तुला मारून पान येतंय का?” मग तिने जे केलं, ते ती करील असं तिला स्वतःलाही आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आप्पा जेवून आडवे झाले, घोरायला लागले, तशी ती उठली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि म्हणाली, “कोन कोन आलं हुतं सकाळपासून? चल.”

सामान देताना दुकानात बसलेल्या मायला नावं आठवत होती. बाजाराच्या धुळीतून आम्ही दोघी निघालो. आधी कासारणीकडे. तिने जिऱ्याचा कागद चुलीला लावला होता, पण तो मराठी होता असं शपथेवर सांगितलं. मग मशिदीमागच्या खालाकडे. तिच्याकडे इंग्रजी कागद गेला होता खरा, पण तो औषधाच्या जाहिरातीचा निघाला. “इत्ते से कागद के वास्ते बहू को धूप में फिराते क्या?” असं म्हणून तिने वहिनीला बसवलं, पाणी दिलं. वहिनीने तिला सगळं सांगितलं. मी चकित. सहा महिन्यांत घरात जेवढं बोलली नव्हती, तेवढं ती खालाच्या ओसरीवर बोलली. खाला उठून आमच्याबरोबर चालायला लागली. पुढच्या घरची एक सुतारीण आली. चार घरं झाली तोवर आम्ही पाचजणी होतो, आणि प्रत्येक दारात खालाच आधी ओरडायची, “ओ बाई, किराणे का कागद दिखाव! बहू का इम्तिहान है!” बाजारचा दिवस. अख्ख्या पालमने ऐकलं.

पान गुरवाच्या म्हातारीकडे सापडलं. तिने छटाकभर हळद नेली होती. हळद डब्यात ओतून तिने कागद फेकला नव्हता. देवाच्या फळीवर नीट घडी घालून ठेवला होता. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, “पेन्सिलीनं एवडं बारीक कुनी लिवलेलं. कुनाचा तरी जीव असंल त्याच्यात. पायाखाली कसा येऊ द्यावा?” वहिनी तिच्या पाया पडली ती लवकर उठेना. मीही रडले, सुतारीणही रडली. आज ते आठवताना वाटतं, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. अक्षराला असा मान देणारं त्यांच्यात फार कमी निघालं.

संध्याकाळपर्यंत बातमी आप्पांच्या कानावर जाणार, हे सांगायला नकोच. रात्रीच्या जेवणाला ते पाटावर बसले. ताटात भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. त्यांनी पहिला घास मोडला आणि हातातच ठेवला.

“सून दारोदार काय मागत फिरायली, म्हून इचारलं मला चौघांनी. म्या काय सांगावं?”

दादा ताटात बघत होता. मायने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या चौकटीतून आवाज आला. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. त्या घरात ‘मामा’ ही हाक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

“मामा, माजं पान हरवलं हुतं.”

“कसलं पान?”

“इंग्रजीचं. तुमी त्यात हळद बांधली. मला मॅट्रिकला बसायचंय. अर्ज भरलाय. तुमाला न इचारता भरला, ते चुकलं. पर बसायचंय मला.”

आप्पांनी घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता ताट सरकवतील. ते म्हणाले, “म्या बांधली?”

“तुमाला काय ठावं मामा, रद्दीतच हुतं.”

“सापडलं का?”

“सापडलं.”

“आन हिकडं.”

तिने पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हात पुसले, उचललं, दिव्याशी धरलं, मग नाकाशी नेलं. “हळद तर आपलीच हाय,” म्हणाले. किराणा दुकानदाराने खात्री करून घ्यायची रीत तीच. मग पेन्सिलीच्या बारीक अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं. आप्पा मोडीची चार अक्षरं शिकलेले, पण छापील कागदाला पाय लागला तर कपाळाला हात लावणारे. ते मायला म्हणाले, “बग, म्या पोरीची इद्या छटाकभर हळदीला बांधून दिली.” त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. परीक्षेला बस किंवा बसू नको, यातलं काहीच बोलले नाहीत, आणि आम्ही सगळे त्या न बोलण्याचा अर्थ लावत बसलो.

अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. दुपारी पडद्याच्या फटीतून एक हात आत आला. हातात खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातली कागदाची घडी होती. “कुणी हाय का आत? हे इंग्रजी हाय. ह्यात तुजं काई हाय का बग.” मग रोज सुरू झालं. पंपाच्या मोटारीसोबतचं माहितीपत्रक. साबणाची वेष्टनं. खताच्या पोत्यावरचा शिक्का कात्रीने कापून. बियाण्याच्या पिशव्या. एकदा एसटीच्या ड्रायव्हरकडून मागून आणलेलं टायरच्या कंपनीचं कॅलेंडर. इंग्रजी म्हणजे सगळं इंग्रजीच, एकाच पिकाचं, असा त्यांचा समज. गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवलं होतं, “इंग्रजी कागद दिसला, तर फेकू नगा, आमच्या सुनंला लागतो.” वहिनी प्रत्येक कागद दोन्ही हातांनी घ्यायची आणि खरंच वाचायची. खोकल्याच्या औषधाचे दुष्परिणाम तिला इतके पाठ झाले होते, की पुढे बालवाडीतल्या पोरांना ती औषध द्यायला भ्यायची.

परीक्षेचं केंद्र गंगाखेडला होतं. इंग्रजीच्या पेपरला दादा निघाला, तर आप्पा म्हणाले, “तू दुकान बघ. मी जातो.” त्यांनी दुकान दादावर सोडलं, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी शाळा बुडवून शेपटासारखी सोबत. शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली आप्पा तीन तास बसले, मायने बांधून दिलेले धपाटे मांडीवर ठेवून. मला एकही दिला नाही. “पोर बाहीर येऊ दे, मंग.” मध्येच लिंग हातात घेऊन डोळे मिटायचे. ऊन सरकलं तसे तेही सरकले.

घंटा झाली. वहिनी बाहेर आली. घामाने कपाळाचं कुंकू ओघळलं होतं. आप्पा उठून उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पडदा, चौकट, माय, दादा काहीच मध्ये न ठेवता तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं,

“आपलं पान आलं का गं?”

“आलं मामा,” वहिनी म्हणाली. “दोन मार्काला आलं.”

आप्पांनी धपाट्यांची पुरचुंडी तिच्या हातात ठेवली आणि पाणी आणायला गेले. मी प्रश्नपत्रिका घेतली. तोवर ‘के’ आणि ‘एन’ मला गर्दीत ओळखू यायचे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा बघितलं. एकही शब्द नव्हता. मुक्या अक्षरांचा प्रश्नच नव्हता. मी तोंड उघडणार, तोच वहिनीने प्रश्नपत्रिका माझ्या हातातून काढून घेतली, तिची बारीक घडी केली आणि म्हणाली, “सुमे, धपाटं खा.” येताना एसटीत आप्पा कंडक्टरला सांगत होते, की पेपरात आमच्या दुकानाचं पान आलं.

निकाल दादाने आणला. इंग्रजीत छत्तीस. मायने साखर वाटायला घेतली, वहिनी देवापुढे गेली ती तिथेच बसून राहिली. आप्पा दुकानात एका गिऱ्हाइकाची डाळ जोखत होते. त्यांनी तराजू खाली ठेवला.

“छत्तीस,” ते त्याला म्हणाले. “पास कितीला हाय, ठावं हाय का? पस्तीसला. छत्तीसातून दोन गेले, तर ऱ्हायले किती?”

“चौतीस,” गिऱ्हाईक म्हणालं.

“मंग! दोन आमच्या पुडीचे हायेत.” आणि पडद्याकडे मान वळवून, मोठ्याने, “का गं नंदा, हाय का न्हाई?”

त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. मी पडद्याच्या आतल्या बाजूला साखरेची वाटी धरून उभी. वहिनी देवापासून उठली, डोळे पुसले, पडद्यापाशी आली. मी तिच्याकडे पाहत होते, आणि तिला माहीत होतं, मी का पाहते आहे. तिने पडदा बाजूला केला आणि दुकानात पाऊल टाकलं.

“हाय की मामा,” ती म्हणाली. “ते दोन नसते, तर मी पुन्यांदा ऱ्हायले असते.”

आप्पांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं. “ऐकलं का?” म्हणाले, आणि दोरा गुंडाळायचा विसरून डाळीची पुडी तशीच त्याच्या हातात दिली.